टाच बघण्याचा दिवस

अकराच्या आत सुपारी फुटलीच पाहिजे, असं छबुबाईनं माजलगावहून निघतानाच फोनवर बजावलं होतं. आणि छबुबाईनं बजावलेलं उमापूरच्या घरात आजवर कुणी मोडलं नव्हतं. तिच्या बापानंसुद्धा नाही. बाप म्हणजे आबा, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खा कळप वळायचा.

साडेनऊलाच तिची जीप लिंबाखाली येऊन उभी राहिली. आधी पेढ्यांचा खोका उतरला, मग कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला तिचा लेक लखन, आणि मग दाराला धरत धरत छबुबाई. जीपपासून ओट्यापर्यंत वीस पावलं नाहीत, पण ती मधे दोनदा थांबली. थांबल्याचं कुणाला कळू नये म्हणून एकदा तिनं पदर सारखा केला आणि एकदा कोंबडीला हुसकलं. मेंढवाड्याच्या दारातून तिच्या धाकट्या भावानं, आसारामनं, हे पाहिलं. परवापर्यंत त्याच्या हे ध्यानातही आलं नसतं.

"आसा! आरं तिकडं काय लपून बसलास? आजच्या दिवशी तरी हातपाय धू!"

"आलो आक्का."

साऱ्या जगात त्याला 'आसा' म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं. बायको वारून बारा वर्षं झालेली, पोटी लेकरू नाही. थोरला भाऊ धर्मराज चव्वेचाळिसाव्या वर्षी गेवराईच्या बाजारात मेंढ्याचा सौदा करता करता गेला. भाव ठरवायला हात रुमालाखाली होता तो तसाच राहिला. मागं उरली त्याची बायको सारजाबाई, मुलगा अंगद, मुलगी ऋतुजा. आसाराम त्यांच्यातच जेवायचा आणि झोपायला मेंढवाड्याच्या पडवीत जायचा. पन्नाशी उलटून गेली, तरी घरात तो पाव्हण्यासारखाच राहिला. त्याचं कारण त्याच्या टाचेत होतं. म्हणजे, टाचेत नव्हतं.

झालं होतं असं. या घराला गाठीचं भारी वेड. टाचेच्या वर, जिथून ती जाड शीर पोटरीकडं चढते, तिथं घरातल्या बऱ्याच जणांना विशीच्या आतबाहेर टणक गाठ यायची. आबा म्हणायचा, सात पिढ्या मेंढरांमागं चालल्या, त्याची ही खूण. गाठ असेल तो आपल्या रक्ताचा, नसेल तो देवाला ठाऊक कुणाचा. लग्न जुळवताना सुपारी फोडायच्या आधी घरातल्या थोरल्या माणसानं पोरापोरीची टाच चाचपायची, "हाय, आपलीच हाय," असं चार माणसांत म्हणायचं, आणि मगच अडकित्ता उचलायचा. असलं रक्त बाहेर जाऊ नये म्हणून मामाची पोरगी शक्यतो आतेभावालाच. छबुबाईही आत्याच्या घरीच दिलेली.

धर्मराजला गाठ पंधराव्या वर्षी आली. आबानं पेढे वाटले. आसारामची टाच मात्र चापून बघावी तर सपाट. "ह्यो कुठून आला काय की," असं आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, हसत हसत, आणि चुलीपुढं आई मान खाली घालून फुंकणी मारत राहायची. तेव्हा छबुनं एक दिवस काय करावं? चिंचोका घेतला, आसाच्या टाचेला लावून वरून चिंधी बांधली आणि त्याला आबापुढं चालवत नेलं. "बगा, ह्याला बी आली!" दोघांनाही मार बसला. पण रडता रडता ती म्हणाली होती, "येडा हाय बाप. तू माझा भाऊ हायस, मग टाच कशी का असंना." तेवढ्या एका वाक्यावर आसारामनं चाळीस वर्षं काढली.

आता दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. अंगदला तेहतिसाव्या वर्षी झटका आला. बीडला नेलं, शिरेत स्प्रिंग बसवली, पोरगा वाचला. तिथली डॉक्टरीण त्याची नाडी बघायची सोडून टाचच चाचपत बसली. मग म्हणाली, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. घरच्यांचं आणि अंगदला भेटायला आलेल्यांचं एका सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, छबुबाईचं, लखनचंही. पुढं अंगदचं रक्त लांब कुठंतरी अजून मोठ्या तपासणीला गेलं. सगळे कागद आणायला परवा आसाराम एकटाच गेला होता.

डॉक्टरणीनं कागदावर चौकोन आणि गोल काढले. पुरुष चौकोन, बाई गोल, रेघ म्हणजे लग्न. आजार असलेले काळे केले, नसलेले कोरे ठेवले.

"काका, ती गाठ चालण्याची नाही. ती चरबी आहे. रक्तात कोलेस्टेरॉल फार झालं की हृदयाच्या शिरांत थर धरतं, आणि टाचेतही साठतं. तुमच्या घरात हे खाण्यानं आलेलं नाही, जन्मानं आलंय."

"आमी तर भाकरी आन् ठेचा खाणारी माणसं, बाई."

"तेच म्हणते मी. रक्तातली चरबी उचलायचा हुकूम प्रत्येकाला दोन ठिकाणांहून मिळतो. एक आईकडून, एक बापाकडून. तुमच्याकडं त्यातला एक हुकूम खोटा निघालाय. एक खोटा असला तर माणूस चाळीस-पन्नासपर्यंत रेटतो. वेळेत गोळी चालू केली तर पुढंही चांगला जगतो. पण दोन्हीकडून खोटाच आला, तर गोळीला आवरत नाही. लहानपणीच कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळ्या गाठी येतात. असं लेकरू कुणी होतं का घरात?"

आसाराम म्हणाला, "होतं."

होता. आश्रुबा. छबुबाईचा पहिला. पाच वर्षांचा असल्यापासून कोपरं, गुडघे, बोटांचे सांधे पिवळ्या गाठींनी भरलेले. आबानं त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं होतं: "बाकीच्यांना एक, ह्याला धा! ह्यो खरा वंशाचा दिवा!" अकराव्या वर्षी पालीच्या शिवारात, धरणाच्या कडेनं कळप चाललेला असताना, आश्रुबा एका उधळलेल्या कोकरामागं धावला, छातीला हात लावून बसला आणि उठला नाही. आसारामनंच त्याला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणलं होतं. छबुबाई आजही त्या कोकराला शिव्या देते.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. तुमचा स्वतःचा रिपोर्ट एकदम स्वच्छ आहे, असंही ती म्हणाली, आनंदाची बातमी सांगावी तशी. आसारामला आनंद काही झाला नाही. आबाच्या रक्ताचे सगळे चौकोन-गोल काळे, आणि कडेला एकच कोरा चौकोन, तो आसाराम. तिथंही तो वेगळाच पडला होता.

"आन् बाई, आमची ऋतुजा माजलगावच्या लखनला द्यायचं चाललंय. दोगांचे कागद..."

"दोघांनाही आहे," डॉक्टरीण म्हणाली. "मी कुणाचं लग्न मोडणारी कोण? पण त्यांनी समजून करावं. दर बाळंतपणाला चारात एक धोका, आश्रुबासारखं होण्याचा. बाहेर लग्न केलं तर तसं होणं फार कठीण."

काल संध्याकाळी आसारामनं हे सारजाबाईला आणि अंगदला सांगून टाकलं होतं. सारजाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, बाहेर म्हंजी कुठं? पोराला तेहतिसाव्या वर्सी झटका आला हे चार गावांत झालंय. नवरा चव्वेचाळिसाव्यात गेला. आता कागद दाखवून बोंबलायचं, की आमच्या रक्तातच खोट हाय? कोण करील माझ्या पोरीला? आक्काबाई करायल्यात, घरातलं घरात झाकून राहतंय. तुमी मधे पडू नका. पाया पडते."

अंगद म्हणाला होता, "काका, तुमी बोला. मी तुमच्या मागं हाय." आणि हे म्हणताना तो आईकडं बघत होता.

तर असा तो दिवस उजाडला. ओट्यावर सतरंजी, चार पाव्हणे, पितळेच्या ताटात हळदीकुंकू, नारळ, सुपारी, अडकित्ता. मागं चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. ऋतुजा हिरव्या साडीत पाटावर येऊन उभी राहिली. वीस वर्षांची पोर. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला नाव घातलेलं. शेजारच्या पाटावर लखन. दोघांनी एकमेकांकडं बघून हसू दाबलं. लहानपणापासून सुट्टीत एका ताटात जेवलेली पोरं ती, त्यांना काय सांगावं?

"चला, थोरल्या माणसाला बोलवा," छबुबाई म्हणाली. आणि इकडंतिकडं बघून स्वतःच हसली. "आगं बया! ह्या घरातलं थोरलं माणूस म्हंजी आता आमचा आसाच की! बग आसा, आबा असता तर त्याच्या तोंडावर मारलं असतं मी. ज्याला गाठ न्हाई म्हनून हिणवलं, तोच आज गाठ बघणार. ये. बस."

तिचा चेहरा उजळला होता. हा मान ती त्याला मुद्दाम देत होती, सगळ्यांदेखत, चाळीस वर्षांचं उट्टं काढून. त्याला वाटलं, चाचपावं, म्हणावं आणि गप राहावं. एका शब्दाचं काम. हा शब्द म्हटला की तो जन्मभरासाठी या घरातला होणार होता.

तो गुडघ्यावर बसला. ऋतुजानं साडी बोटभर उचलली. त्यानं अंगठा आणि बोट टाचेवरच्या शिरेला लावलं. होती. बारीक, टणक, हरभऱ्याएवढी. मग लखनची. ती मोठी.

"हाय," तो म्हणाला.

"झालं!" एक पाव्हणा म्हणाला. छबुबाईनं अडकित्ता उचलला.

"थांब आक्का." आसाराम उठला नाही, तसाच बसून राहिला. "दोगांना हाय. म्हूनच ही सुपारी फोडायची न्हाई."

अडकित्ता तसाच हातात राहिला. "काय म्हनलास?"

"भाऊजी!" आतून सारजाबाई ओरडली. "काल तुमच्या पाया पडले व्हते ना मी?"

झालं, तिनंच घोटाळा केला. छबुबाईची मान गर्रकन वळली. "काल? म्हंजी तुमचं समद्यांचं ठरून बसलंय? मला पेढे घिऊन बोलावलं आन् आत कट शिजवला?"

"कट न्हाई, आक्का. रक्ताचे कागद आले." आसारामनं खिशातून तो चौकोन-गोलांचा कागद काढला. "ही गाठ आजार हाय. चालण्याची न्हाई, मानाची न्हाई, कशाचीच न्हाई. धर्मराज हिच्यानं गेला. दाजी हिच्यानं गेले. अंगद जाता जाता वाचला. एकट्याला आसली तर गोळीनं भागतंय. दोगांची एक झाली तर लेकरू वाचत न्हाई."

"कोण म्हनतं?"

"डॉक्टरीण म्हनती."

"तिला काय कळतं आमच्यातलं? आबानं केलं, आबाच्या बापानं केलं, माझं झालं..."

"आक्का, मला सांग, आपण कळपातला नर दर तीन वर्सानं दुसऱ्याच्या कळपात देऊन दुसरा आणतो. कावून आणतो?"

"मी मेंढी हाय का, आसा?"

"मेंढरांत आपण कधी चूक केली न्हाई, एवढंच म्हनतो मी."

पाव्हणे चपला शोधायला लागले. एकजण पाणी मागत मागत अंगणात उतरला. अंगद खांबाला टेकून नखं बघत होता. आसारामनं त्याच्याकडं पाहिलं, एकदा, दोनदा. पोरगं वाईट नव्हतं; आईपुढं आणि आत्यापुढं उभं राहायला लागतं ते त्याच्यापाशी नव्हतं.

बोलली ती ऋतुजा. पाटावरूनच. "काका, हे मला कावून न्हाई सांगितलं? माझं लगीन हाय ना?"

आसारामलाही आधी थोरल्यांनाच सांगावंसं वाटलं होतं, पोरीला नाही. त्याची त्याला लाज वाटली.

"तू गप गं," छबुबाई म्हणाली. ती आता ओट्याच्या मधोमध उभी होती, कमरेवर हात, श्वास वरवर चाललेला. "मला जाब दे, आसा. माझं लगीन आत्याच्या घरात झालं. त्यांना गाठ, मला गाठ. चांगला तेवीस वर्सं संसार केला. काय वाईट झालं माझं? आं? सांग की समद्यांपुढं. काय वाईट झालं?"

तिनं हे विचारायला नको होतं. ओट्यावरच्या प्रत्येकाच्या मनात एकच नाव आलं आणि प्रत्येकानं नजर दुसरीकडं नेली. आता ते नाव आसारामनं घ्यायचं होतं, किंवा मान डोलवून सुपारी फुटू द्यायची होती. पाठीवरच्या त्या पोराचं वजन त्याला आठवलं; अकरा वर्षांचं पोरगं, पण कोकराएवढंही जड नव्हतं.

"आश्रुबा," तो म्हणाला. "आश्रुबाला दोन्हीकडून आलतं, आक्का. तुझ्याकडून बी, दाजीकडून बी."

छबुबाई खाली बसली. लखन धावला, तर तिनं त्याचा हात झटकला.

"त्याला नजर लागलती," ती हळू म्हणाली.

"न्हाई आक्का."

"कोकरामागं पळाला. ऊन व्हतं."

"पळाला नसता तरी..."

"म्हंजी म्या मारला." तिचा आवाज चढला. "सत्तावीस वर्सं मी एका मुक्या जनावराला शिव्या द्यायले, आन् तू मला सांगतोस की म्याच मारला? माझ्या रक्तानं?"

"तुला ठाव न्हवतं. कुणालाच ठाव न्हवतं. आबानं तर मिरवला त्याला."

"आबाचं नाव घिऊ नको!"

ऋतुजा पाटावरून उतरली. साडीच्या निरीचा काठ पायात आला तो तिनं सोडवला, आणि आत्यापाशी जाऊन बसली. "आत्या," ती म्हणाली, "मला न्हाई करायचं. काकाचं ऐकून न्हाई म्हनत मी. मला तसं लेकरू नको." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. लखननं तिच्याकडं बघितलं, आणि तोही हळूच पाटावरून खाली आला. मोडायचं ते मोडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

छबुबाई उठली. पदर डोक्यावरून घेतला, पेढ्यांचा खोका उचलायला लागली, आणि तो जड लागला म्हणून सोडून दिला. ओट्याच्या कडेला येऊन ती आसारामसमोर थांबली.

"आबा बरोबर म्हनायचे," ती म्हणाली. "तू आमचा न्हाईस. आमचा आसतास तर हे तोंडातून निघालं नसतं."

हेच शब्द आसारामनं आबाच्या तोंडून हजारदा ऐकले होते आणि एकदाही रडला नव्हता, कारण ऐकताना मागं कुठंतरी आक्का उभी असायची. आता तीच म्हणाली. बायकोला पोचवून आला तेव्हाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

जीप चालू झाली तेव्हा तो धावत गेला आणि खिडकीतून गोळ्यांची पिशवी लखनच्या मांडीवर टाकली. डॉक्टरणीनं लिहून दिलेल्या, परवाच बीडहून घेतलेल्या. एक पाकीट लखनच्या नावाचं, एक छबुबाईच्या. छबुबाई समोरच्या काचेतून सरळ बघत होती. लखननं पिशवी घेतली. "येतो मामा," असंही तो म्हणाला नाही. म्हणायचं होतं, पण आई शेजारी होती.

मागं घरात ताटं वाढली गेली नाहीत. सारजाबाईनं वांग्याचं पातेलं उतरवून झाकून ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. तिन्हीसांजेला अंगद मेंढवाड्यात आला, गव्हाणीशी उभा राहिला.

"काका, माझ्यात धमक न्हाई झाली."

"तुझी गोळी घेतलीस?"

"व्हय."

"मग झालं. जा, आईपाशी बस."

त्यानंतर सारजाबाई त्याला जेवायला वाढायची, पण ताट ठेवून आत जायची. ऋतुजा कॉलेजच्या वसतिगृहात परत गेली. जाताना पाया पडली, तरी नेहमीसारखी बडबडली नाही. आसारामला कुणाचा राग नव्हता. आपण केलं ते बरोबर केलं, याबद्दलही त्याच्या मनात शंका नव्हती. पण बरोबर केलेलं सांगायला जवळ माणूस लागतं, आणि आजवर तो ज्या माणसाला सांगायचा, ते माणूस माजलगावात होतं. दिवसातून दोनदा तरी तो फोन काढायचा, तिचं नाव काढायचा आणि परत खिशात ठेवायचा.

नवव्या दिवशी दुपारी, कळप पाण्यावर असताना, फोन वाजला. लखनचा होता.

"मामा, ते इचारायचं व्हतं. ती गोळी जेवणाआधी घ्यायची का मागून?"

"तुला अंगदनं सांगितलं न्हाई का? तू तर चालू केली म्हनला तो."

"मी केली." लखननं आवाज खाली आणला. "माझं न्हाई इचारत."

आसारामनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रात्री, जेवून," तो म्हणाला. "रोज. एक बी दिवस सोडायचा न्हाई."

पलीकडून, लांबून, बाईचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. मग लखन म्हणाला, "आन् त्यानं पोटऱ्या दुखल्या तर? शेजारणीच्या दुखल्यात म्हनं."

"दुखल्या तर डॉक्टरणीला दाखवायचं. आपल्या मनानं बंद करायची न्हाई."

"बरं." पुन्हा तो लांबचा आवाज. पुन्हा लखन, अडखळत: "मामा, आई म्हनती... तिनं इचारलं म्हून सांगू नको तुमाला."

"बरं. न्हाई सांगितलंस तू."

मेंढ्या पाणी पिऊन काठावर चढायला लागल्या होत्या. आसारामनं त्यांच्याकडं पाठ केली.

"लखन, तिला म्हण..."

"काय म्हनू?"

बरंच होतं. कुठून सुरू करावं ते त्याला कळेना, आणि पलीकडं ती ऐकत उभी आहे हेही त्याला माहीत होतं.

"गोळी चुकवू नको म्हण."

"कुणी सांगितलं म्हनून सांगू?"

आसाराम पुन्हा मेंढ्यांकडं वळला.

"डॉक्टरणीनं," तो म्हणाला.